राहुरीचा मुक्काम: नगर-मनमाड रस्त्यावरचे थांबे, काल आणि उद्या

अहिल्यानगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता तीन मोठ्या नद्या ओलांडतो: राहुरीला मुळा, कोल्हारला प्रवरा आणि कोपरगावला गोदावरी. या रस्त्यावर वाटसरू कुठे थांबत, याचे पहिले उत्तर या तीन नद्यांनीच दिले आहे. पूल नव्हते तोवर पावसाळ्यात पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहण्यावाचून इलाज नसे. सामानाने भरलेली गाडी, तिचे बैल, गाडीवान आणि मालाचा धनी अशी सारी मंडळी कधी एक रात्र, तर कधी तीन-तीन दिवस अडकून पडत. अडकलेल्यांना शिधा लागे, बैलांना कडबा लागे, तुटलेल्या धावेसाठी लोहार आणि आऱ्यांसाठी सुतार लागे. उताराच्या गावी बाजार भरण्यामागे हे एक साधे कारण होते. नगरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर मुळेच्या काठी वसलेली राहुरी अशाच गावांपैकी एक आहे.

दुसरे उत्तर अंतराचे. भरलेली बैलगाडी दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर जाई. पायी चालणाराही मुलाबाळांसह याहून फार पुढे जात नसे. एवढ्या अंतराला मजल म्हणत आणि मजल संपे तिथे मुक्काम पडे. नगर ते राहुरी हे अंतर एका मजलेला जास्त आणि दोन मजलांना कमी, त्यामुळे मधे एक मुक्काम करावा लागे. त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आजही हा हिशेब पाळते. बेलापूरहून ती राहुरीला येते, राहुरीहून डोंगरगणला आणि तिथून नगरला. मोटारीने तासाभरात संपणारे अंतर पालखी दोन दिवसांत कापते. डोंगरगणला झरे आहेत, सावली आहे, डोंगराचा आडोसा आहे. जुन्या वाटसरूने मुक्कामाची जागा कशी हेरली असेल, हे या एका नावावरून कळते.

जुन्या मुक्कामाचे साहित्य मोजकेच असे: वडाचे किंवा पिंपळाचे झाड, त्याला दगडी पार, जवळ विहीर किंवा पायऱ्यांची बारव, एखादे मारुतीचे देऊळ, आणि गावात कोणी दानशूर असेल तर धर्मशाळा. यातले काहीच राजसत्तेने ठरवून, आखून दिलेले नव्हते. कोणी नवस फेडण्यासाठी विहीर खोदे, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ ओवरी बांधे, कोणी उन्हाळ्यापुरती पाणपोई घाले. या जिल्ह्यातल्या चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी हेच काम देशाच्या पातळीवर नेले. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळा, घाट, बारवा आणि अन्नछत्रे काशी, गया, सोमनाथपासून रामेश्वरापर्यंत पसरलेली आहेत. प्रवाशाची सोय म्हणजे पुण्य, हा व्यवहार त्या काळी इतका रुळलेला होता की त्यासाठी वेगळे खाते लागत नसे. पण पुण्याला डागडुजीचे बंधन नसते. ज्याने धर्मशाळा बांधली त्याच्या पुढच्या पिढीची परिस्थिती ढासळली की कौले फुटत, लाकूड चोरीस जाई आणि ओवरीत गुरे शिरत. थांबे बंद पडण्याचा इतिहास थांब्यांइतकाच जुना आहे.

धर्मशाळेची रचना ठरलेली असे. तीन बाजूंना जाड भिंत, चौथी बाजू रस्त्याकडे किंवा अंगणाकडे मोकळी, तिथे लाकडी खांब आणि वर माळवद किंवा कौले. भिंतीत दिव्यासाठी कोनाडे, घोंगडी आणि गाठोडे टांगायला खुंट्या. स्वयंपाकघर नसे, अंगणात तीन दगड मांडून जो तो आपली चूल पेटवी आणि सकाळी निघताना दगड तिथेच ठेवून जाई. धुराने काळे झालेले ते दगड पुढच्या मुक्कामकऱ्याच्या कामी येत. वाटसरूंच्या तोंडून बातम्याही इथेच फिरत. भावांपासून रोगराईपर्यंत सगळे कळायचे ते ओवरीत. राहुरी तालुक्यातल्याच ताहाराबादला राहून महिपतीबोवांनी अठराव्या शतकात संतांची चरित्रे लिहिली. गावोगाव फिरणाऱ्या कीर्तनकार-वारकऱ्यांच्या तोंडच्या कथा अशा लेखकापर्यंत पोहोचण्यात मुक्कामाच्या जागांचा वाटा असणारच.

गाड्यांपेक्षाही मोठी वर्दळ लमाणांच्या तांड्यांची असे. कोकणातले मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य खाली नेणारे शेकडो बैल एकदम चालत. त्यांना धर्मशाळा कामाची नव्हती. त्यांना लागे मोकळे माळरान आणि पाणी. म्हणून तांड्यांचे तळ गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला पडत. रस्त्याच्या कडेची चराऊ जमीन जसजशी लागवडीखाली आली तसतसे हे तळ आकसले आणि रेल्वेने त्यांचा धंदाच संपवला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगर जिल्हा इंग्रजांकडे आला. त्यांनी रस्त्याकडे लष्कराच्या आणि महसुलाच्या नजरेने पाहिले. नगर हे छावणीचे शहर होते. तिथून मालेगावकडे जाणारा मार्ग फौजेच्या हालचालीसाठी महत्त्वाचा होता. त्याच रस्त्यावर राहुरी होती. फौजेसाठी पडावाच्या जागा ठरल्या. साहेबासाठी बंगला आला आणि रयतेसाठी लोकल फंडाची धर्मशाळा आली. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा कर बसवून १८६० च्या दशकात लोकल फंड उभा राहिला. त्यातून रस्ते, शाळा, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या जाऊ लागल्या. प्रवाशाची सोय पहिल्यांदाच सरकारी अंदाजपत्रकात आली, हा बदल मोठा होता. धर्मशाळेचा धनी बदलला; पुण्याच्या जागी कर आला आणि देखभालीसाठी ओव्हरसिअरकडे अर्ज करायची वेळ आली.

बंगला आणि धर्मशाळा यांतली दरी मात्र ठळक होती. बंगल्याला खानसामा असे, पाण्याने भरलेले टब असत, पंखा ओढणारा असे, नोंदवही असे. ही परंपरा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विश्रामगृहात अजून जिवंत आहे. तालुक्याच्या गावचे विश्रामगृह आजही प्रवाशासाठी कमी आणि दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यासाठी, मंत्र्यांच्या तासाभराच्या टेकण्यासाठी आणि पक्षांच्या बैठकांसाठीच जास्त वापरले जाते. सामान्य वाटसरूने तिथे खोली मागणे हे १८८० मध्ये जेवढे धाडसाचे होते तेवढेच आजही आहे.

धर्मशाळा तरी सर्वांची होती का? करातून बांधलेल्या धर्मशाळेतही अस्पृश्य मानलेल्या जातींना ओवरीवर पाऊल ठेवता येत नसे. त्यांनी झाडाखाली झोपायचे आणि विहिरीवर दुसऱ्याने पाणी वाढेपर्यंत थांबायचे. रस्त्याने जाण्याचा हक्क होता, रस्त्यावर विसावण्याचा नव्हता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. ठराव कागदावरच राहिला म्हणून महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच ठरावात धर्मशाळेचाही उल्लेख होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. थांब्याच्या इतिहासात ही ओळ वगळली तर धर्मशाळेचे चित्र उगाच गोजिरवाणे होते.

थांब्यांवरची पहिली मोठी कुऱ्हाड १८७८ मध्ये पडली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या हातांनी दौंड-मनमाड लोहमार्गाचे मातीकाम झाले आणि १८७८ मध्ये गाडी सुरू झाली. गाडीने वांबोरी, राहुरी, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव, येवला ही गावे जोडली. लांब पल्ल्याचा माल बैलगाडीवरून वाघिणीत गेला. नगर ते मनमाड पाच-सहा मुक्कामांचा प्रवास एका दिवसात आला आणि मधल्या मुक्कामांची गरज संपली. गंमत अशी की रेल्वेने जुने थांबे मोडले तरी नवे गाव वसवले. बेलापूर स्टेशनाभोवती वसलेले श्रीरामपूर बेलापूरपेक्षा कितीतरी मोठे झाले आणि स्टेशनाचे नाव मात्र बेलापूरच राहिले. राहुरीच्या वाट्याला तसे काही आले नाही. स्टेशन गावापासून काही अंतरावर पूर्वेला पडले. रेल्वेने उतरलेल्या माणसाला गावात यायला टांगा किंवा बैलगाडी करावी लागे. त्यामुळे स्टेशनाचा बाजार गावाला गिळू शकला नाही आणि गावाचा बाजार मोटाररस्ता येईपर्यंत जुन्या जागीच टिकला.

मोटारीने रस्त्याला पुन्हा जीव दिला. आधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. त्या भरल्याशिवाय निघत नसत आणि बिघडल्या की जिथे बिघडतील तिथेच मुक्काम पडे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी नगर आणि पुण्यादरम्यान धावली. एसटीचा जन्मच या जिल्ह्याच्या रस्त्यावरचा आहे. एसटीने थांब्याला वेळापत्रक दिले. बसस्थानक, त्यातला उपाहारगृहाचा ठेका, चौकशीची खिडकी, वाचनाला टांगलेले दोन वर्तमानपत्रांचे अंक, मासिकांचा स्टॉल, भिंतीवरचे स्वच्छतागृहाचे बाण ही साठ-सत्तरच्या दशकातल्या तालुक्याच्या स्थानकाची ओळख. 'गाडी दहा मिनिटे थांबेल' या कंडक्टरच्या आरोळीने चहाच्या गिऱ्हाइकांची झुंबड उडे. हा थांबा सरकारी होता आणि धर्मशाळेपेक्षा एका बाबतीत पुढे होता: तिकीट काढलेल्या कोणालाही तिथल्या बाकड्यावर बसण्याचा हक्क होता.

याच काळात रस्त्याच्या दोन्ही अंगांचे शिवार बदलले. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण होऊन प्रवरेच्या कालव्यांचे पाणी आले होतेच; पुढे बारागाव नांदूरला मुळेवर धरण झाले. ऊस वाढला. लोणीला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नंतर राहुरीलाही कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती 'राहुरी फॅक्टरी' हे नाव घेऊन एक स्वतंत्र थांबाच वसला. १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि नगरच्या बाजूने येताना विद्यापीठाचे गेट हा आणखी एक थांबा झाला. कारखान्यामुळे बैलगाडीचा जुना तळही परत आला. गळीत हंगामात बीड आणि पाथर्डीकडची ऊसतोड कुटुंबे टायरच्या गाड्या घेऊन येतात, कारखान्यालगत पाचटाच्या कोप्या घालतात, काट्यावर नंबर लागेपर्यंत गाड्या रस्त्याकडेला रांगेत उभ्या राहतात. बैलांपुढे वाढे टाकलेले असते, गाडीखाली सावलीत लहान मूल झोपलेले असते. मुक्कामाची ही पद्धत दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाने चटकन ओळखली असती. हंगामात कारखाना बंद राहिला की हा तळही पडत नाही आणि फॅक्टरीवरच्या हॉटेलांचा गल्ला थंड होतो. राहुरीच्या कारखान्याने अलीकडच्या काळात असे बंद हंगाम पाहिले आहेत.

ट्रक वाढले तसे ढाबे आले. ढाब्याचे मूळ पंजाबी चालकाच्या जेवणात असले तरी नगर जिल्ह्यात तो लगेच स्थानिक झाला. तंदुरी रोटीशेजारी बाजरीची भाकरी, शेवभाजी, पिठले, काळ्या मसाल्याचे मटण यांनी जागा घेतली. खाण्याइतकीच महत्त्वाची होती बाज. जेवण घेणाऱ्या चालकाला ढाब्यावर झोपायला बाज फुकट मिळे, अंघोळीला हौदावर पाणी मिळे, ट्रककडे रात्रभर कोणाची तरी नजर असे. बदल्यात तो चालक पुढच्या फेरीला तिथेच थांबे. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ ने चालकाच्या कामाचे तास आठ ठरवले आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी असे सांगितले. रात्रीच्या मुक्कामाच्या ठिकाणी मालकाने विश्रांतीची खोली किंवा पर्यायी सोय द्यावी, असेही कायद्यात होते. प्रत्यक्षात ही सोय ढाब्याच्या बाजेने केली. ढाब्याभोवती पंक्चरवाला, ऑटो इलेक्ट्रिशियन, ग्रीसिंगचा रॅम्प आणि पानाची टपरी अशी छोटी वस्ती उभी राहिली.

एसटीचा थांबाही हळूहळू स्थानकातून ढाब्याकडे सरकला. लांब पल्ल्याच्या गाड्या स्थानकाच्या उपाहारगृहाऐवजी महामार्गावरच्या हॉटेलांवर जेवणाला थांबू लागल्या. महामंडळ अशा हॉटेलांना अधिकृत थांब्याची मान्यता देते आणि हॉटेलमालक त्यापोटी शुल्क भरतो. चालक-वाहकाचे टेबल वेगळे असते, त्यांचे ताट मालकाकडून येते. प्रवाशाला मात्र निवड नसते. गाडी जिथे थांबेल तिथेच जेवायचे. त्यामुळे महागडा चहा, शिळा वडा आणि कुलूपबंद स्वच्छतागृह या तक्रारी जुन्याच आहेत. २०१६ मध्ये महामंडळाने अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याचे बंधन घातले. तक्रारी थांबल्या नाहीत आणि २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांना या थांब्यांच्या तपासणीचे आदेश द्यावे लागले. थांब्याचे गिऱ्हाईक प्रवासी आहे की बसचालक, हा प्रश्न त्या तपासणीनेही सुटण्यासारखा नाही. जो गाडी आणतो त्याची बडदास्त आणि जो पैसे देतो त्याची आबाळ, हा या धंद्याचा स्वभावच आहे.

रस्त्यावरची सर्वांत मोठी गर्दी नव्वदच्या दशकानंतर देवस्थानांनी आणली. शिर्डीला येणारा भाविक शनिशिंगणापूरला गेल्याशिवाय परतेनासा झाला आणि दोन्हींना जोडणारी सोयीची वाट राहुरीवरून जाते. पहाटे शिर्डीत काकड आरती, दुपारी शिंगणापूर, रात्री परत, अशा फेऱ्या करणाऱ्या जीपगाड्यांनी रस्ता भरून गेला. या गर्दीने एक खास स्थानिक थांबा घडवला, तो म्हणजे बैलाच्या चरकाची रसवंती. शिंगणापूरच्या वाटेवर अशा रसवंत्या ओळीने दिसतात. मधोमध लाकडी चरक, त्याला आडवे लाकूड, लाकडाला जुंपलेला बैल गोल फिरत असतो आणि त्याच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. शेतातून नुकताच तोडलेला ऊस, सोबत आले आणि लिंबू. बाजूला मांडव, बाज, मुलांसाठी झोका. विजेच्या यंत्रावर रस लवकर निघतो हे रसवंतीवाल्याला चांगले कळते. पण शहरी भाविक गाडी थांबवतो ती बैलासाठी, हेही त्याला कळते. ज्या तालुक्यात ऊस कारखान्याच्या काट्यावर टनावारी जातो, तिथे काही शेतकऱ्यांना पेल्याच्या भावाने विकण्याची वाट या थांब्याने दाखवली. राहाता परिसरातल्या पेरूच्या बागांनीही रस्त्याकडेला असाच बाजार मांडला आहे.

याच गर्दीची दुसरी बाजू 'लटकू'. धावत्या गाडीला मोटारसायकल आडवी घालून किंवा गाडीच्या दाराला लटकून भाविकांना ठरावीक वाहनतळावर आणि ठरावीक पूजासाहित्याच्या दुकानात नेणाऱ्या दलालांना या भागात हे नाव आहे. पोलिसांच्या कारवाया होतात, काही दिवस रस्ता शांत राहतो, पुन्हा लटकू दिसू लागतात. थांबणे ही प्रवाशाची गरज असते तोवर पाहुणचार चालतो. थांबवणे हा दुसऱ्याचा धंदा झाला की त्याचे असे रूप होते.

हायवेवरच्या हॉटेलांच्या अर्थकारणात दारूचा वाटा किती होता, ते २०१७ मध्ये उघड झाले. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीचे परवाने देऊ नयेत, असा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. २० हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांत हे अंतर २२० मीटर केले गेले. राज्यभर परमिट रूमची शटर खाली आली. जेवण नावापुरते आणि बार मुख्य, अशा हॉटेलांना तगून राहणे जड गेले. काहींनी प्रवेशद्वार मागच्या बाजूला नेऊन चालण्याचे अंतर वाढवण्याची शक्कल लढवली. त्याच वर्षी ११ जुलैला न्यायालयाने नगरपालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नसल्याचे स्पष्ट केले. राहुरी आणि देवळाली प्रवरा या दोन्ही ठिकाणी नगरपालिका आहेत. त्यामुळे एकाच रस्त्यावर हद्दीच्या पाटीआधीचे हॉटेल आणि पाटीनंतरचे हॉटेल यांना कायदा वेगवेगळा झाला. अपघात कमी करण्याचा हेतू रास्त होता. पण या निमित्ताने परमिट रूम असलेल्या ढाब्यांसोबत बाजाही गेल्या आणि रात्री ट्रक कुठे लावायचा याची पंचाईत झाली, याची चर्चा क्वचितच झाली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळेच थांबे एकदम बंद झाले. पायी गावाकडे निघालेल्या मजुरांसाठी पुन्हा जुनीच साधने कामी आली: मंदिराची ओवरी, शाळेची पडवी, गावकऱ्यांनी रस्त्यावर आणून दिलेले पिठले-भाकरीचे गाठोडे. त्यानंतर ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा दीर्घ संप झाला आणि एसटीच्या प्रवाशांवर चालणाऱ्या हॉटेलांचा उरलासुरला हंगामही गेला.

आता ज्या बदलाला हा रस्ता सामोरा जात आहे तो आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. रेल्वेने गिऱ्हाईक नेले, न्यायालयाने परवाना नेला. रस्त्याकडेला टपरी टाकण्याची शक्यता मात्र कोणी नेली नव्हती. प्रवेश-नियंत्रित महामार्ग ती नेतो. अशा रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण असते. ठरावीक इंटरचेंजशिवाय आत-बाहेर होता येत नाही आणि शेजारच्या शेतकऱ्याला त्यावर दार उघडता येत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे जवळचे उदाहरण आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या या रस्त्यावर सुरुवातीच्या काळात इंधन, स्वच्छतागृहे आणि खाण्याची सोय अगदी तुरळक होती. सरळ, निर्मनुष्य रस्त्यावर चालकाला गुंगी येते, टायर तापतात, आणि थांबायला जागा नसते. अपघातांच्या चर्चेत ही त्रुटी वारंवार पुढे आली. शेकडो कोटींचे पूल उभे राहिले, पण चहाची टपरी राहून गेली, असे म्हणायची पाळी आली. सुरत-चेन्नई या नियोजित महामार्गाची आखणीही राहुरी तालुक्यातून झाली आहे. तो झाला तर तालुक्यातून दोन वेगळ्या जातीचे रस्ते जातील: एक जुना, गावागावांत थांबणारा, आणि एक कुंपणातला.

सरकारी थांबे बंद पडण्याचा अनुभव परदेशातही आहे. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या हद्दीत व्यापारी दुकानांना मनाई केली. त्यामुळे तिथले विश्रांतीथांबे म्हणजे स्वच्छतागृह, बाके, नकाशा आणि नाण्यावर चालणारी यंत्रे. उत्पन्न जवळपास शून्य आणि खर्च कायमचा. २००९ च्या मंदीत व्हर्जिनिया राज्याने ४२ पैकी १९ थांबे खर्चापायी बंद केले. प्रवासी आणि ट्रकचालक इतके संतापले की पुढच्या वर्षी नव्या गव्हर्नरने ते पुन्हा उघडले. जपानने दुसरी वाट धरली. १९९३ पासून तिथे 'मिची-नो-एकी' नावाचे थांबे नोंदवले जाऊ लागले. आज त्यांची संख्या १,२०० च्या वर आहे. वाहनतळ आणि स्वच्छतागृह चोवीस तास मोफत. शेजारी स्थानिक पालिकेच्या पुढाकाराने त्या भागातल्या भाज्या, फळे, पदार्थ यांची विक्री. विक्रीच्या पैशावर थांबा चालतो आणि शेतकऱ्याला रस्त्यावरचे गिऱ्हाईक मिळते. राहुरीच्या रसवंतीवाल्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

भारतात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये २२ राज्यांत ६०० हून अधिक ठिकाणी 'वेसाइड अ‍ॅमेनिटी' उभारण्याचे जाहीर केले, साधारण ३० ते ५० किलोमीटरला एक. इंधन, चार्जिंग, उपाहारगृह, ट्रकचालकांसाठी झोपण्याची आणि अंघोळीची सोय, स्थानिक हस्तकलेचे दुकान असा त्याचा आराखडा आहे. योगायोग म्हणजे हे अंतर बैलगाडीच्या दीड-दोन मजलांएवढे भरते. जागा प्राधिकरणाची, बांधकाम आणि चालवणे निविदा जिंकणाऱ्या कंपनीचे, मुदत अनेक वर्षांची. एवढे भांडवल पेट्रोल कंपन्या आणि मोठ्या हॉटेल साखळ्यांकडे असते. रस्त्याकडेच्या ढाबेवाल्याकडे नसते. राष्ट्रीय महामार्ग (जमीन आणि वाहतूक) नियंत्रण कायदा, २००२ नुसार तर साध्या राष्ट्रीय महामार्गावरही जोडरस्ता काढायला परवानगी लागते. आज नगर-मनमाड रस्त्यावर डांबराच्या कडेपासून चार हातांवर मांडव घालून बसलेला विक्रेता रस्त्याच्या पुढच्या रुंदीकरणात अतिक्रमण ठरणार, हे उघड आहे. चौपदरीकरणात जुनी झाडे गेली तेव्हा कित्येक टपऱ्या त्यांच्यासोबतच गेल्या होत्या.

राहुरीपुरते पाहिले तर प्रश्न तीन खात्यांत विभागलेला आहे. महामार्गाच्या हद्दीतली सोय प्राधिकरणाकडे किंवा बांधकाम विभागाकडे, बसस्थानक महामंडळाकडे आणि गावातली स्वच्छतागृहे नगरपालिकेकडे. शिर्डी-शिंगणापूर फेरीतला भाविक, रात्रीचा ट्रकचालक, पुण्याहून दिंडी घेऊन शिर्डीला पायी निघालेले मंडळ आणि कारखान्याच्या काट्यावर नंबर लावून बसलेला गाडीवान हे एकाच रस्त्याचे चार प्रवासी आहेत. वेसाइड अ‍ॅमेनिटीच्या नव्या आराखड्यात त्यांपैकी पहिल्या दोघांची नोंद झाली आहे. पायी चालणारा आणि बैलगाडीवाला त्यात अजून आलेले नाहीत. त्यांचा मुक्काम गावच्या शाळेत, मंगल कार्यालयात, देवळाच्या सभामंडपात किंवा उसाच्या बांधावर पडतो. त्याचा खर्च गाव उचलते, पूर्वीप्रमाणेच. तालुक्यातल्या नव्या सुविधा केंद्रांत बचत गट, दूध संघ आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी गाळे राखून ठेवावेत, ट्रकचे वाहनतळ विनाशुल्क असावे आणि स्वच्छतागृह हॉटेलच्या गल्ल्यावर अवलंबून नसावे, एवढ्या तीन अटी निविदेतच लिहिता येतात. जुन्या रस्त्यावर आज जे लोक या थांब्यांवर पोट भरतात, त्यांतल्या कितींना नव्या रस्त्यावर जागा मिळेल, हे निविदेच्या याच कलमांवर ठरेल.